पिझ्झाचे 200 डॉलर

वाचकाचं पत्र:

नमस्कार. आम्ही अमेरिकेत मिडवेस्टमध्ये राहतो. आमचा मुलगा 20 वर्षांचा आहे, इथल्याच एका मोठ्या विद्यापीठात शिकतो. पुढे ॲथलेटिक ट्रेनर व्हायचं म्हणून तो कॉलेजच्या (अमेरिकन) फुटबॉल टीमच्या ट्रेनिंग रूममध्ये विद्यार्थी मदतनीस म्हणून काम करतो. बर्फाच्या पिशव्या भरायच्या, टेप-पट्ट्या लावायच्या, पाणी द्यायचं, असलं काम. सप्टेंबरमध्ये माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या मुलाने (तो 27 वर्षांचा, न्यू जर्सीत असतो) त्याला मेसेज केला, "तुमचा क्वार्टरबॅक (म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) शनिवारी खेळतोय ना रे?" आमच्या भाबड्याने लिहिलं, "नाही वाटत, पायात बूट घातलाय." (दुखापत झाल्यावर पाय हलू नये म्हणून घालतात तो बूट.) तो खरंच खेळला नाही. रविवारी मुलाच्या खात्यात 200 डॉलर आले, वर 'पिझ्झा खा' असा शेरा. तेव्हापासून दर मंगळवारी मेसेज येतो. मुलाने आणखी एकदा उत्तर दिलं, मग द्यायचं थांबवलं. आता त्याला रात्र-रात्र झोप नाही. शेवटी परवा मला सगळं सांगितलं. त्याचे बाबा म्हणतात, "बेटिंग कायदेशीर आहे, बातमी शनिवारी जाहीर होणारच होती, कुणाचं काय गेलं? पैसे परत पाठव, मेसेज पुसून टाक आणि विषय बंद." मला ते पटत नाही, पण का पटत नाही ते सांगताही येत नाही. आणि जाऊबाईंना कुठल्या तोंडाने सांगू?
— एक आई

प्रिय ताई,

बाकीचं सगळं नंतर. आधी उठा आणि मुलाला सांगा, एकही मेसेज पुसायचा नाही. पैसेही आज परत पाठवायचे नाहीत. आणि मंगळवारी मेसेज आला तर "यापुढे मला टीमबद्दल काही विचारू नकोस" एवढं एकच वाक्य लिहायचं. पुढे चकार शब्द नाही. "माहीत नाही रे" हेसुद्धा नाही. का ते खाली येईलच.

आता तुमच्या यजमानांकडे वळते. त्यांचं म्हणणं खोडायला मला थोडा वेळ लागणार आहे, कारण ते मूर्खपणाचं नाही. शनिवारी संध्याकाळी बियर घेऊन मॅच बघणाऱ्या दहा भल्या माणसांतले आठजण हेच म्हणतील. मी स्वतः मिशिगनमधल्या एका विद्यापीठाच्या कचेरीत 22 वर्षं काढली. फुटबॉल मला आमच्या ह्यांच्यामुळे, म्हणजे नाइलाजाने, कळायला लागलं. पण शनिवारी स्टेडियममध्ये जे घडतं त्याचं सोमवारी कचेरीत काय होतं, ते मी जवळून पाहिलंय.

कायदेशीर आहे, हे खरंच. 1992 साली अमेरिकेच्या काँग्रेसने कायदा करून खेळांवरच्या सट्ट्याला राज्यांनी परवानगी देऊ नये असं ठरवलं होतं. नेव्हाडासारख्या, ज्यांच्याकडे तो आधीपासून होता, त्यांना तेवढी सूट. न्यू जर्सी त्याविरुद्ध वर्षानुवर्षं कोर्टात भांडत राहिली. 14 मे 2018 रोजी सुप्रीम कोर्टाने तो कायदाच रद्द केला. कोर्टाने सट्टा चांगला की वाईट यात हात घातला नाही. राज्यांनी कोणते कायदे करावेत हा हुकूम केंद्राने राज्यांना सोडायचा नाही, एवढंच म्हटलं. त्यानंतर तीन डझनांहून जास्त राज्यांनी दारं उघडली. त्या खटल्यात दुसऱ्या बाजूला कोण उभं होतं माहीत आहे? एनसीएए, म्हणजे तुमच्या मुलाच्या कॉलेजचा खेळ जिच्या नियमांवर चालतो तीच संस्था. सट्टा नको म्हणत ती हरली, आणि आता त्याच सट्ट्याच्या पुरात तिला पोरं सांभाळायची आहेत.

सट्टा तेव्हाही होताच. कोपऱ्यावरचा बुकी होता, लास वेगास होतं. आपल्या मुंबईचा मटकासुद्धा सुरुवातीला न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावांवरच चालायचा, म्हणजे समुद्रापलीकडच्या आकड्यावर पैसे लावणं आपल्याला नवीन नाही. बदललं ते असं, की बुकीला शोधायला जावं लागायचं आणि आता तो पुतण्याच्या खिशात आहे. पूर्वी मॅच कोण जिंकणार यावर पैज लागायची. आता अमुक पोरगा किती यार्ड धावेल, तमुक किती पास पकडेल, यावरही लागते. याला प्रॉप बेट म्हणतात. म्हणजे पूर्वी अख्ख्या टीमच्या तब्येतीला किंमत होती, आता एकेका घोट्याला आहे.

त्या घोट्याचाच हिशेब मांडू. समजा मंगळवारी तुमच्या मुलाची टीम 7 गुणांनी जिंकेल असं धरून भाव लागलाय. याला स्प्रेड म्हणतात. क्वार्टरबॅक खेळणार नाही हे फुटलं, की तो 7 चा 3 वर येऊ शकतो, कधी पारडंच उलटं फिरतं. फुटबॉलमध्ये दुसऱ्या कुठल्याही जागेवरच्या खेळाडूमुळे भाव एवढा हलत नाही. ज्याला हे मंगळवारीच ठाऊक आहे तो समोरच्या टीमवर 7 गुणांची सूट घेऊन ठेवतो, म्हणजे ती टीम 7 पेक्षा कमी गुणांनी हरली तरी हा जिंकला. शनिवारी तुमची टीम 4 गुणांनी जिंकली, घरोघरी जल्लोष झाला, तरी याचे पैसे झाले. तेव्हा बाबांना विचारा, ज्याने प्रामाणिकपणे समोरून 7 देऊन पैसे लावले, त्याचं काय गेलं? त्याच्या खिशातून गेलेल्या पैशांतलाच थोडा भाग तुमच्या मुलाकडे पिझ्झा म्हणून आला.

आणि "बातमी शनिवारी जाहीर होणारच होती" हे तर त्यांच्याच विरुद्ध जाणारं वाक्य आहे. शनिवारी जाहीर होणार होती म्हणूनच मंगळवारी तिला किंमत होती. जाहीर झाल्यावर ती फुकट.

यामागे एक जुनं भांडण आहे, ते थोडं सांगते. व्यावसायिक फुटबॉलमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, कोण जखमी आहे याची यादी जाहीर करायची पद्धत 1947 पासूनची आहे. 1946 च्या अंतिम सामन्याआधी न्यूयॉर्कच्या दोन खेळाडूंना लाच देऊ केल्याचं प्रकरण गाजलं, त्याच्या पाठोपाठ ती आली. विचार साधा होता. आतली बातमी सगळ्यांनाच दिली तर ती विकायला कुणाकडे उरणार नाही.

कॉलेजमध्ये मात्र उलट परंपरा. कोच लोक पेंटागॉनची गुपितं सांभाळावीत तसे पोरांचे गुडघे सांभाळायचे. सराव बंद दाराआड. पत्रकारांनी विचारलं की "दिवसागणिक बघू" एवढंच उत्तर. याला कारणही होतं. प्रतिस्पर्ध्याला कशाला सांगायचं? शिवाय ही पोरं पगारी नोकर नव्हती, विद्यार्थी होती. विद्यार्थ्याची नोंद गुप्त ठेवायचा 1974 चा केंद्रीय कायदा आहे, त्याचा दाखला विद्यापीठं नेहमी देत. 2018 मध्ये कोर्टाचा निकाल लागला तेव्हा बिग टेन या कॉन्फरन्सच्या, म्हणजे एकमेकांत खेळणाऱ्या कॉलेजांच्या एका गटाच्या, क्रीडा संचालकांनी सगळ्या देशासाठी एकच यादी असावी असा आग्रह धरला. एनसीएएने समिती बसवली, आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये, हे जमणार नाही म्हणून सोडून दिलं.

मग ज्याने त्याने आपापलं सुरू केलं. बिग टेनने 2023 च्या मोसमापासून किकऑफच्या, म्हणजे सामना सुरू होण्याच्या, किमान दोन तास आधी यादी देणं सक्तीचं केलं. एसईसी या दुसऱ्या कॉन्फरन्सने 2024 पासून आणखी कडक नियम आणला. सामन्याच्या तीन दिवस आधी पहिली यादी, मग रोज सुधारित, आणि शेवटची किकऑफच्या 90 मिनिटं आधी. फुटबॉलमध्ये चूक केली तर पहिल्या वेळी 25,000 डॉलर दंड, पुढे वाढत 1,00,000 पर्यंत. 2025 मध्ये एसीसी आणि बिग ट्वेल्व्ह या कॉन्फरन्सही आल्या.

या यादीला ते 'इन्ज्युरी रिपोर्ट' म्हणत नाहीत, 'अव्हेलेबिलिटी रिपोर्ट' म्हणतात. ही शब्दांची कसरत वाटेल, पण मला ती आवडते. पोरगा खेळेल, बहुधा खेळेल, शंका आहे, नाही खेळणार, एवढंच सांगायचं. का, ते नाही. गुडघा आहे, की डोक्याला मार आहे, की घरी बाप अत्यवस्थ आहे, की परीक्षेत नापास झालाय, ते तुमचं-आमचं काम नाही. सट्टा लावणाऱ्याला जेवढं कळायला हवं तेवढं सांगायचं आणि पोराचं अंगण झाकायचं, अशी ती तडजोड आहे.

माझं मत विचाराल तर यादी हवीच. पण कॉन्फरन्सची मंडळी ती काढून हात झटकतात, ते मला पटत नाही. यादीने आतल्या बातमीची किंमत संपत नाही. तिला फक्त घड्याळ लागतं. दुपारी 12 चा सामना असेल तर बिग टेनमध्ये सकाळी 10 पर्यंत बातमी बंद पेटीत असते. मंगळवारी एमआरआय झाला, बुधवारी डॉक्टरांनी मान हलवली, गुरुवारी सरावात दुसरा क्वार्टरबॅक पहिल्या टीमबरोबर फेकायला लागला. या चार दिवसांत ती पेटी कुणाकुणाकडे असते ते मोजा. डॉक्टर, एमआरआय काढणारा, ट्रेनर, सगळे कोच, शंभरावर खेळाडू, त्यांच्या मैत्रिणी, खोलीतले सोबती, विमानाची तिकिटं काढणारी बाई, आणि बर्फाच्या पिशव्या भरणारा तुमचा मुलगा. त्यातल्या बहुतेकांना लाखो डॉलर मिळत नाहीत. सगळ्यात कमी पगार आणि सगळ्यात जास्त दिसणं, अशा जागेवर तो उभा आहे. सट्टेबाजाने फोन करायचा तर तो कोचला करणार नाही, तुमच्या मुलालाच करणार. पुतण्याने कट करून केलं असं मी म्हणत नाही. त्याला नातं सापडलं, एवढंच.

इथे मुलाच्या मनात एक प्रश्न नक्की येणार, म्हणून लिहिते. तो म्हणेल, "पण आई, तो बूट घालून लेक्चरला आला होता, तीनशे पोरांनी पाहिला." बरोबर आहे. लेक्चर हॉलमध्ये जे दिसतं ते जगाचं. तिथल्या एखाद्या विद्यार्थ्याने ते मित्राला सांगितलं तर त्याचा काही दोष नाही. पण तुमचा मुलगा ट्रेनिंग रूममध्ये काम करतो हे पुतण्याला ठाऊक होतं. म्हणून त्याचं "बूट घातलाय" हे तीनशे पोरांच्या "बूट घातलाय"पेक्षा जड पडलं. सोनाराने "हे सोनं आहे" म्हणणं आणि शेजारणीने म्हणणं, यात जो फरक तोच. याच कारणासाठी मी वर "माहीत नाही रे" लिहायलाही मनाई केली. एका आठवड्यात "माहीत नाही" आणि दुसऱ्या आठवड्यात गप्प, तर गप्प बसणं हीच बातमी होते. दर आठवड्याला एकच उत्तर हवं: विचारू नकोस.

आता एक खरी हकिगत. ती बेसबॉलची आहे, पण तुमच्या प्रश्नाशी तिचे टाके जुळतात. 2023 च्या एप्रिलमध्ये अलाबामा विद्यापीठाची टीम एलएसयूविरुद्ध, म्हणजे लुइझियाना स्टेट विद्यापीठाविरुद्ध, खेळणार होती. अलाबामाचा त्या दिवशी सुरुवात करणारा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, पाठीच्या दुखण्यामुळे बसणार होता. टीमचे मुख्य कोच ब्रॅड बोहॅनन यांनी हे जाहीर होण्याआधी ओळखीच्या एका माणसाला कळवलं. तो माणूस तेव्हा दूर सिनसिनाटीत, तिथल्या बॉलपार्कमधल्या बेटिंगच्या खिडकीपाशी होता. त्याला एलएसयूवर 1,00,000 डॉलर लावायचे होते. कॉलेज बेसबॉलवर एवढी रक्कम कोण लावतं? खिडकीवरच्यांना तिथेच वास आला. त्यांनी 15,000 वर थांबवलं आणि पुढे कळवलं. एलएसयू जिंकली. तीन दिवसांत ओहायोने अलाबामाच्या बेसबॉलवरचा सट्टा थांबवला, आठवडा पुरा व्हायच्या आत कोचची नोकरी गेली. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत एनसीएएने त्यांच्यावर 15 वर्षांचा ठपका ठेवला. त्या काळात कुठल्याही कॉलेजला त्यांना कामावर घ्यायचं तर आधी उत्तर द्यावं लागेल.

त्या प्रकरणात सामना 'फिक्स' झाला नव्हता. कुणी मुद्दाम हरलं नाही. पिचरची पाठ खरंच दुखत होती. फक्त एक खरी बातमी, जाहीर होण्याच्या थोडी आधी, एका माणसाकडे गेली. तुमच्या मुलाने केलं त्याची जात हीच. आकार वेगळा, हे मान्य.

आणखी एक लक्षात घ्या. ते प्रकरण पोलिसांनी धाड घालून पकडलेलं नाही. सट्टा कायदेशीर आहे म्हणूनच ते पकडलं गेलं. गल्लीतल्या बुकीने वही फाडून टाकली असती. परवानाधारक कंपनीकडे प्रत्येक पैजेची नोंद असते, वेळ, रक्कम, फोन कुठे होता तेसुद्धा. भाव विचित्र हलला की त्यावर नजर ठेवणाऱ्या संस्था आहेत, त्या विद्यापीठांनाही कळवतात. बाबा म्हणतात "कायदेशीर आहे म्हणून काळजी नाही". मी म्हणते, कायदेशीर आहे म्हणूनच पुतण्याचा मंगळवार कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर नोंदलेला आहे. त्याने किती लावले ते आपल्याला माहीत नाही. 50 डॉलर लावले असतील तर कुणी ढुंकून पाहणार नाही. पण 200 डॉलरचा पिझ्झा खिलवणारा माणूस 50 लावत नसतो.

आपल्याकडच्यांना क्रिकेटचं उदाहरण लवकर पटतं, ते बाबांना सांगा. 1994 साली श्रीलंकेत शेन वॉर्न आणि मार्क वॉ यांनी 'जॉन' नावाच्या एका भारतीय बुकीकडून पैसे घेतले. कशासाठी? खेळपट्टी कशी आहे, हवा कशी आहे, हे सांगण्यासाठी. तेही म्हणाले होते, एवढं तर कुणीही सांगेल. त्यांच्या बोर्डाने गुपचूप दंड केला आणि प्रकरण दाबलं. 1998 मध्ये ते फुटलं तेव्हा खेळपट्टीच्या बातमीची लाज कमी आणि लपवल्याची जास्त झाली. मेसेज पुसून टाकण्याविरुद्धचा माझा सगळा युक्तिवाद या एका हकिगतीत आहे.

आता त्या क्वार्टरबॅककडे क्षणभर बघू, कारण पत्रात तो फक्त एका बुटापुरता आलाय. तोही 20-21 वर्षांचाच असणार. ट्रेनिंग रूममध्ये तो टेबलावर आडवा पडतो तेव्हा तिथल्या प्रत्येकाने तोंड बंद ठेवायचं, हाच करार असतो. हे बाहेर जातं असं एकदा कळलं की पोरं दुखणं लपवायला लागतात. डोक्याला मार लागलेला पोरगा "काही नाही, ठीक आहे" म्हणत मैदानात उतरला तर काय होऊ शकतं हे ट्रेनर होऊ पाहणाऱ्या तुमच्या मुलाला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. शिवाय ज्यांच्या पैजा बुडतात ते या पोरांना फोनवर काय काय लिहून पाठवतात ते वाचवत नाही. याच कारणाने एनसीएएचे अध्यक्ष चार्ली बेकर 2024 पासून, कॉलेजच्या एकेका खेळाडूवरच्या प्रॉप बेट बंद करा, असं राज्यांना सांगत आहेत. ओहायोने त्याच वर्षी त्या बंद केल्या. सगळ्यांनी केलेल्या नाहीत.

बरं, मग करायचं काय.

मुलाने काम सुरू करताना एक कागद सही केलेला असणार. त्याला तो शोधायला सांगा. एनसीएएचा नियम खेळाडूंना, कोचना आणि क्रीडा विभागात काम करणाऱ्यांना सट्टा लावायलाही मनाई करतो आणि सट्टा लावणाऱ्याला माहिती द्यायलाही. दुसरा भाग पोरं विसरतात. विद्यार्थी मदतनीसांनाही विद्यापीठं साधारणपणे त्याच दावणीला बांधतात. 2025 च्या शरदात व्यावसायिक खेळांवर सट्टा लावायला परवानगी द्यावी असं एनसीएएत ठरलंही होतं, पण कॉलेजांनी मतदान करून ते महिन्याभरात मागे घेतलं. तेव्हा "आता सगळं चालतं" असं कुणी मित्र म्हणाला तर त्यावर विश्वास नको.

त्यानंतर एका वकिलाबरोबर एक तास. विद्यापीठात विद्यार्थ्यांसाठी फुकट कायदेशीर सल्ल्याचं केंद्र असेल, पण ज्या प्रकरणात विद्यापीठ समोर आहे तिथे ती केंद्रं बहुतेकदा हात वर करतात. म्हणून बाहेरचा वकील बघा. तुम्हाला वाटेल, 200 डॉलरसाठी वकील? हो. मेसेज एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेले आणि मागोमाग पैसे आले, याचा अर्थ काय होतो हे मला नाही, त्याला कळतं. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये खेळाडूंच्या दुखापतीची आतली माहिती सट्टेबाजांना पुरवल्याच्या आरोपावरून फेडरल सरकारने खटले भरले. त्यात कलम होतं फोन आणि इंटरनेटवरून फसवणुकीच्या कटाचं. तुमच्या मुलाचं प्रकरण त्याच्या नखाएवढंही नाही. पण घाबरून एखादं चुकीचं पाऊल टाकण्यापेक्षा तासाभराची फी स्वस्त. पैसे परत करायचे का, कसे, की तसेच वेगळे ठेवायचे, हे वकीलच सांगेल. आत्ता गुपचूप परत पाठवले तर बाहेरच्याला ते सारवासारव वाटू शकतं.

आणि मग, वकील हो म्हणाला की, मुलाने स्वतःच्या पायांनी विद्यापीठाच्या कम्प्लायन्स ऑफिसमध्ये, म्हणजे खेळाचे नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या कचेरीत, जायचं. तुम्ही बरोबर जायचं नाही. बाहेर गाडीत बसा हवं तर. काय झालं, कधी झालं, किती पैसे आले, मेसेज हे असे आहेत. बस. रडगाणं नको, पुतण्यावर ढकलणं नको.

काय होईल? खोटं सांगत नाही, ट्रेनिंग रूमचं काम जाऊ शकतं. त्याला जे व्हायचंय त्यासाठी आता मास्टर्स लागतं, त्या अर्जात याचा उल्लेख करावा लागू शकतो. हे लहान नुकसान नाही. पण त्या कचेरीत बसून मी दोन प्रकारची पोरं पाहिली. एक स्वतःहून येणारी, दुसरी बोलावून आणलेली. नियम तोच, कागद तेच, पण समोरच्या माणसाचा आवाज वेगळा असायचा. पहिल्यांना पुन्हा दार उघडल्याचं मला आठवतं. दुसऱ्यांपैकी एकालाही नाही.

मुलाला रागावू नका. एनसीएएच्याच 2023 च्या पाहणीत 18 ते 22 वयातल्या 58 टक्के पोरांनी कधी ना कधी खेळांवर पैज लावल्याचं सांगितलं होतं, आणि बहुतेक राज्यांत तर 21 च्या आत परवानगीच नाही. त्याच्या भोवती सगळे हेच करत असताना तो आपल्या आईकडे आला. घरात वडील "पुसून टाक" म्हणत असताना आला. त्यांच्यावरही चिडू नका. ते मुलाला वाचवायलाच बघतायत, फक्त दार चुकीचं उघडतायत. हे पत्र त्यांना वाचायला द्या. मी सांगितलं तर ऐकतील असं नाही, पण शेन वॉर्नचं ऐकतील.

राहिला पुतण्या. त्याच्याशी मुलाने बोलायचं नाही, तुम्ही किंवा मुलाच्या बाबांनी बोलायचं, आणि तेही वकिलाला विचारून झाल्यावर. दर मंगळवारी न चुकता मेसेज येतो, हे मला खटकलंय. सहज मजेत खेळणारा माणूस एका चुलत भावाच्या बुटाची एवढी आठवण ठेवत नाही. तो किती खोल आहे ते त्याच्या आईला माहीत नसण्याची शक्यता मोठी. न्यू जर्सीतून 1-800-गॅम्बलर या नंबरवर मदत मिळते. नाव सांगायची सक्ती नाही, घरच्या माणसांनीही फोन केला तर चालतो.

आणि जाऊबाईंना सांगायचंच आहे. लपवलं आणि नंतर बाहेरून कळलं तर ते तुमच्यावरच उलटेल. फोनवर नको, दिवाळीच्या फराळाच्या ग्रुपवर तर मुळीच नको. पुढच्या वेळी भेटाल तेव्हा दोघीच असताना, चहा होऊ द्या, मग पुतण्याच्या काळजीपासून सुरुवात करा. 200 डॉलरचा विषय त्यांनी विचारला तरच काढा. विचारतील, आई आहेत त्या.